पिकअपला शिंगं

"गार्ड मी निवडीन! तुमच्यापैकी कोनीच मधात बोलाचं नाई!"

दामिनीनं हे वाक्य ओसरीवर असं काही आपटलं, की आबाजींनी तोंडाला लावलेली चहाची बशी तशीच राहिली आणि कुलदीपकाकाचा मोबाईल मांडीवरून घसरला. दहावीत गेल्यापासून दामिनीला एक शोध लागला होता. आपल्या घरातल्या पुरुषांना आवाज आहे, मिशा आहेत, मतं तर पोत्यानं आहेत. फक्त डोकं तेवढं द्यायचं राहून गेलंय!

विषय होता पिकअपच्या तोंडाचा. अंजनगाव सुर्जीच्या बाजारात केळी न्यायला घेतलेली ती मोठी, नवी कोरी पिकअप. काकाच्या हातात ती आली आणि महिन्याभरात काकानं तिचं तोंड फोडून आणलं. बंपर आत, एक लाईट बाहेर, जाळी तिरपी. रात्रभर दाढ दुखलेल्या माणसासारखी दिसत होती बिचारी!

"रानडुकरायचा कळप होता!" काका पानठेल्यावर सांगायचा. संध्याकाळपर्यंत त्या कळपात दोन रोही, म्हणजे नीलगायीही, सामील झाले. प्रत्यक्षात एक पिल्लू होतं. ते धडकलं, उठलं, काकाकडे पाहून पळून गेलं. गाडी मात्र तिथंच राहिली.

म्हणून समोर लोखंडी गार्ड लावायचा, यावर घराचं एकमत झालं. कसला लावायचा, इथं गाडं अडलं.

"असा पायजे," काका म्हणाला, "का डुक्कर उडून थेट चांदूर रेल्वेले पडलं पायजे!"

"पोलीस पकडतेत गार्डवाल्या गाड्या," दामिनीचे बाबा, म्हणजे किशोरराव, म्हणाले. हा माणूस स्वतःच्या अंगणातून जातानाही दोन्हीकडे पाहून जातो. "नियमात बसत नाई ते. लावाचाच असीन तर पासिंगच्या दिवशी काढता आला पायजे."

"माया एकच प्रश्न हाय," आबाजी, म्हणजे नत्थुजी, बशी खाली ठेवत म्हणाले. "ह्या गाडीले कपाय कुठी हाय?"

सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. गाडीला कपाळ?

"आपली बैलजोडी इकली तवापासून दोन पोये म्या रिकाम्या हातानं पाह्यले. यंदा पोयात गाडी नेनार मी. मंग तिले बेगड कुठी लावू? हिंगूळ कायले फासू? गार्डले कपाय पायजे. अन् शिंगं पायजे!"

"मले तं वाळवन टाकता आलं पायजे त्याच्यावर," आतून आई म्हणाली. घरात एवढी एकच मागणी धड होती, म्हणून कोणी ती ऐकली नाही.

तर अशा या विद्वानांच्या सभेत दामिनी उभी राहिली होती. आणि ती उगाच नव्हती उभी राहिली. तिला अकोल्याला जायचं होतं! दहावी झाली की अकोल्याला होस्टेलवर राहायचं, डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास लावायचे, हे तिनं ठरवून टाकलं होतं. बाबा तेवढे ठरत नव्हते.

"एकटीनं राहाचं म्हंजे डोकं लागते, बाई," ते म्हणायचे.

"मंग हे गार्डाचं काम द्या मले! पार पाडून दाखवलं तर अकोला?"

बाबांनी दोन्हीकडे पाहिलं. "अकोला."

"अन् नाई पडलं तर?"

"अंजनगाव. सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी घरी."

दामिनीनं ओसरीवर नजर फिरवली. आणखी दोन वर्षं! याच ओसरीवर! यांची मतं ऐकत!

ती कामाला लागली. तिनं मोबाईलवर जगभरातल्या पिकअप पाहिल्या. वाळवंटातल्या, बर्फातल्या, चिखलातल्या. एका व्हिडिओत गाडीसमोरून कांगारू उडी मारून गेला, तर मागून डोकावणारा काका म्हणाला, "हे कोनत्या जातीचं डुक्कर व्हय?" आता अशा माणसाशी गार्डाची चर्चा करणार तरी काय?

मग तिनं आलेखाच्या कागदावर चित्र काढलं. खाली डुकरासाठी जाड पाईप. मधे दिव्यांसाठी जाळी. वर पत्र्याचं रुंद कपाळ. आणि सगळ्यात भारी म्हणजे दोन्ही बाजूंनी काचेच्याही वर जाणारे, मागे झुकलेले दोन पाईप! आबाजींना वाटावं शिंगं आहेत. पण दामिनीनं त्यांच्या नावाखाली विज्ञान घुसवलं होतं. त्यांच्या शेताच्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आणि लोंबत्या वेली केळीच्या घडांना घासायच्या. आता वरून जे काही आडवं येईल, ते या पाईपांना टेकणार आणि घसरत घसरत मागे निघून जाणार. तिनं त्याला नावही दिलं होतं. फांदीनिवारक! कागदाच्या कोपऱ्यात सही केली, तारीख टाकली. उद्या कोणी कल्पना चोरली तर?

आबाजींनी चश्मा लावला. चित्र पाहिलं. चश्मा काढला.

"हे शिंगं मागं काहून वळले?"

"आबाजी, त्याच्यामागं विज्ञान हाय."

"विज्ञान नाई, म्हैस हाय! मागं वळलेले शिंगं म्हशीचे असतेत! मी पोयात म्हैस घेऊन जाऊ? माया सरज्या बैलाचे शिंगं कसे समोर होते! टोकं अशी आभाळाकडं!"

"सरज्याले फांद्या लागत नव्हत्या, आबाजी."

"सरज्याले पाहून फांद्याच बाजूले व्हायच्या!"

आणि आबाजी भिंतीकडे तोंड करून बसले. जेवायला उठेनात. आईनं वाढलेली भाकर निवली, झुणका निवला, पण म्हातारा काही वळेना. शेवटी दामिनीनं खोडरबर घेतलं.

"बरं, फक्त टोकं समोर वळवतो. एवढीशी. टोकानं काय फरक पडते?"

आता तुम्हीच सांगा, एवढी हुशार मुलगी, पण हे वाक्य बोलताना तिच्या जिभेला काहीच कसं टोचलं नाही?

अकोल्याला ती काकासोबत गेली. तिथं वेल्डिंगच्या दुकानात सूर्यभान मिस्त्री बसले होते. यांच्याइतक्या थापा मारणारा माणूस दोन जिल्ह्यांत सापडायचा नाही.

"ताई, म्या गार्ड लावलेली एक गाडी भिंतीतून आरपार गेली. घरातले लोक झोपेतून उठले बी नाई!"

दामिनीनं कागद पुढे केला. मिस्त्रींनी तो उलटा धरला आणि मान डोलावली. "एक नंबर!"

दामिनीनं कागद सुलटा केला.

"हे तं त्याच्याहून एक नंबर! टोकं जरा मोठी करतो. शोभून दिसतीन."

"टोकं लहानच पायजे!"

"ताई, शिंगाले लहान टोक म्हंजे मिशी काढलेला हवालदार! तुमी चिंता कराचीच नाई."

"काढता येईल ना पासिंगच्या दिवशी?"

"चार नट खोला, गार्ड हातात!"

काका तर मिस्त्रींच्या प्रेमातच पडला. दोघं डुकरांविषयी बोलत बसले, ठिणग्या उडत राहिल्या, आणि संध्याकाळी गाडी बाहेर आली. बाप्पा! दातांना तार लावलेला रेडा लग्नाला निघावा, तशी दिसत होती! शिंगांची टोकं चांगली वीतभर पुढे, आकड्यासारखी वळलेली. दामिनीला ती जरा जास्त वाटली. पण काका पुढे उभा राहून फोटो काढत होता, दर्यापूरच्या फाट्यावर पोरं गाडीमागे धावली, एका म्हातारीनं तर हात जोडले. एवढा मान मिळाल्यावर टोकं कोण मोजतं?

शेताच्या रस्त्याला लागल्यावर पहिली बाभळीची फांदी शिंगाला लागली. घसरून मागे गेली नाही. आकड्यात अडकली, कडाडली आणि गाडीसोबतच आली. मग दुसरी. मग तिसरी. घरी पोचेपर्यंत पिकअपच्या डोक्यावर बाभूळ उगवल्यासारखी दिसत होती.

"सरपन झालं फुकटात!" काका खूश.

"काम पार पडलं म्हनाव का हे?" बाबांनी विचारलं.

"ही प्राथमिक चाचणी हाय, बाबा," दामिनी म्हणाली. "अकोल्याचं होस्टेल पाहून ठेवा."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात. आबाजींनी गार्ड शेकला. एका कटोरीत हळद, एका कटोरीत तूप, आणि म्हातारा त्या गार लोखंडाला असं हळुवार चोळतोय, जसं काही पिकअप दिवसभर वखर ओढून आली होती!

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," आबाजी तिच्या लाईटमध्ये पाहून म्हणाले.

"डिझेल पेते ते," काका म्हणाला. "पुरनपोयी कुठी घालसान?"

"तुले वाढून राहिलो तशीच तिले वाढीन. कामाचं तं दोघायचं सारखंच हाय!"

दुसऱ्या दिवशी शिंगांना लाल हिंगूळ लागला, वर चकचकीत बेगड चढली. कपाळावर मखमलीची पट्टी बांधली. बॉनेटवर सरज्याची जुनी झूल टाकली. टोकांना गोंडे. दामिनीनं मनातल्या मनात तोंड वाकडं केलं, पण गोंडे धरून दिले. आजचा एक दिवस गेला की अकोला!

पोळा मारुतीच्या देवळापुढच्या मैदानात भरला. दोन उंच खांबांना आंब्याच्या पानांचं जाडजूड तोरण आडवं बांधलेलं, आणि त्याच्या अलीकडे गावातल्या जोड्या ओळीनं उभ्या. आता इथला नियम पक्का आहे. आधी झडत्या, म्हणजे पोळ्याची खटकेबाज गाणी, म्हणायची, मग पाटलांच्या मानाच्या जोडीनं सगळ्यांत पहिल्यांदा तोरणाखालून जायचं, तोरण तोडायचं, आणि माईकवर देवीदास ओरडणार, "पोया फुटला!" तेव्हाच बाकीच्यांनी बैल घेऊन घराकडे सुटायचं. तोवर कोणी पाऊलही उचलत नाही. हा मान उत्तमराव पाटलांच्या घरात त्यांच्या पणजोबांपासून होता, आणि उत्तमराव तो अंगावर असा वागवायचे, की पोळ्याच्या दिवशी त्यांची मानसुद्धा वळायची नाही. कोणाकडे पाहायचं असलं तर अख्खे वळायचे.

ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांचे ट्रॅक्टर मागच्या रांगेत. पिकअपचीही जागा तिथंच. पण आबाजी ऐकतात?

"माया गाडीले शिंगं हायेत. शिंगवाल्यायच्या रांगेतच उभी राहीन ते!"

झालं. काकानं गाडी घुसवली ती थेट पुढे, उत्तमरावांच्या जोडीच्या शेजारी. आत काका, मधे दामिनी, खिडकीत आबाजी. मागे जागा भरायला ट्रॅक्टर येऊन टेकले.

"नत्थुजी," उत्तमराव अख्खे वळून म्हणाले, "हे काय आनलं?"

"नवा गोऱ्हा हाय, पाटील! जरा अंगानं भरला!"

लोक हसले. हसला नाही तो उत्तमरावांचा चितऱ्या. मानाच्या जोडीतला हा बैल तसा गरीब. लहान लेकरं त्याच्या शेपटीला लोंबकळायची. पण त्यानं बाजूला पाहिलं. लाल शिंगं, मखमली कपाळ, अंगावर झूल, आणि डोळे केवढे, ताटाएवढे! चितऱ्यानं एकदा नाक फुरफुरलं. मग पुढच्या पायानं माती उकरली.

"काका," दामिनी म्हणाली, "तो आपल्या गाडीकडं पाहून राहिला."

"पाहू दे. जळते तो."

चितऱ्यानं मान खाली घातली आणि थेट गार्डावर डोकं दिलं. धाड!

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. गार्डाला ओरखडासुद्धा उमटला नाही!

"पाह्यलं? पाह्यलं?" दामिनी आनंदानं ओरडली.

"लढू द्या!" आबाजी खिडकीतून अर्धे बाहेर. "दे रे, दे त्याले!"

काका घाबरला. आणि घाबरलेला पुरुष काय करतो? जे हाताला लागेल ते दाबतो! त्यानं हॉर्न दाबला. पिकअपला त्यानं हौसेनं सात सुरांचा हॉर्न बसवला होता. त्या हंबरण्यानं चितऱ्याची खात्रीच पटली, की हा आपल्या आईवरून बोलला. तो दोन पावलं मागे सरून पुन्हा आला. धाड!

"मागं घ्या काका, मागं!"

"मागं ट्रॅक्टर हायेत!"

"मंग थांबा!"

"थांबू कसा? पाटलाच्या बैलाले काई झालं तं!"

आणि काकानं गाडी पुढे काढली. चितऱ्याला वळसा घालून, उत्तमरावांच्या धोतराला वारा देत, सरळ तोरणाखालून! फांदीनिवारक आपल्या कामाला लागला. आडवं आलेलं तोरण पाईपांना टेकलं, तिथून वर सरकलं आणि वीतभर वळलेल्या दोन्ही आकड्यांत असं काही फसलं, जसं ते त्याच्यासाठीच घडवले होते. दोरी ताणली. डावा खांब वाकला, उजवा उपटला, आणि कडाड्कन तोरण सुटून गाडीसोबत निघालं.

त्याच वेळी देवळाच्या ओट्यावर देवीदास झडतीतली पुढची ओळ आठवत डोळे मिटून उभा होता. कडाड् ऐकून त्यानं डोळे उघडले. तोरण जाग्यावर नाही! मग सवयीनं जे तोंडात होतं ते बाहेर पडलं.

"पोया फुटलाऽऽ!"

संपलं! सगळ्या जोड्या सुटल्या. मालक मागे, पोरं मागे, धूळ आभाळाला. "थांबा! थांबा!" म्हणून उत्तमराव ओरडत होते, पण पोळा फुटल्यावर कोण थांबतं? खुद्द चितऱ्याही थांबला नाही. मानाची जोडी मान न घेताच घरी गेली आणि जेवायला उभी राहिली.

सगळ्यांच्या आधी घरी पोचली ती पिकअप. मागे तोरण, तोरणाला एक खांब, खांबाला देवळाचा भोंगा. रस्त्याच्या प्रत्येक दगडावर भोंगा ठणठणत होता. दारात आई आरतीचं ताट घेऊन उभी. तिनं शांतपणे चाकांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि ओवाळलं. मग मागे पाहिलं.

"हे कोनाचं आनलं?"

"मान!" आबाजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पाटलाचा मान आपल्या दारी आला, सूनबाई!"

दामिनीच्या डोळ्यांतही पाणी होतं. तिला समोर अंजनगावची एसटी दिसत होती. खिडकीची जागासुद्धा नव्हती त्यात!

संध्याकाळी देवळापुढे बैठक बसली. उपटलेला खांब मधे आडवा ठेवला होता, पुरावा म्हणून. देवीदासला वाचलेला माईक मिळाला होता आणि त्यानं नवी झडती जोडूनही टाकली होती.

"पोया रे पोया, गाव झालं गोया! नत्थुजीच्या पिकअपनं मान केला चोयामोया!"

"तू गप रे!" उत्तमराव कडाडले. "पनजोबापासून चालत आलेला मान! अन् तो डिझेल पेनाऱ्या जनावरानं नेला! किशोर, हे शिंगाचं डोकं कोनाचं?"

बाबांनी दोन्हीकडे पाहिलं. काकानं बोट उचललं आणि दामिनीकडे केलं. आबाजींनी, ज्यांनी शिंगांसाठी निवलेली भाकर सोडली होती त्याच आबाजींनी, तिकडेच बोट केलं. काकानं सूर्यभान मिस्त्रींना फोन लावला, तर पलीकडून आवाज आला, "डिझाईन सगळं ताईचं हाय, म्या फक्त जोडलं!" घ्या! आयुष्यभर जे पुरुष दुसऱ्याच्या कामाचंही श्रेय स्वतः खातात, त्यांनी त्या दिवशी सगळंच्या सगळं श्रेय एका मुलीच्या पदरात टाकलं. एक कणही स्वतःसाठी ठेवला नाही!

दामिनी उठली. रडायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. म्हणून ती बोलली, आणि तिथंच सगळं बदललं.

"तत्त्व बरोबर होतं," ती म्हणाली. "दोष टोकायचा हाय. आनि खरं सांगू का? दोष तोरनाचाबी हाय! बांधनंच अशास्त्रीय होतं. पुढच्या पोयाले मी तोरनाचं डिझाईन करून देईन. लोखंडी तार, दोन कप्प्या, मधात स्प्रिंग. अन् मानाच्या जोडीसाठी..."

"जोडीसाठी?" उत्तमरावांचा आवाज एकदम बारीक झाला.

"जोडीसाठी गार्ड!"

देवीदासनं माईक छातीशी धरला. लोकांना डोळ्यांपुढे दिसू लागलं. पुढचा पोळा, स्प्रिंगवर उडणारं तोरण, जाळी लावलेला चितऱ्या...

"किशोर," उत्तमराव घाईघाईनं म्हणाले, "कितवीत हाय हे पोट्टी?"

"दहावीत."

"पुढं काय?"

"अकोल्याले जातो म्हनत होती. पन मी अट टाकली होती, हे गार्डाचं काम पार पाडलं तं. अन् हे तं असं..."

"तुया अटीले कोन विचारते बे? पाठव!"

"पाठवा! पाठवा!" मागून दहा आवाज आले.

"आत्ताच जागा धरून ठेव होस्टेलात," उत्तमराव म्हणाले. "चांगलं मोठं शिक्षन दे पोरीले. लांबलचक. अन् काय गं बाई, त्या क्लासले पोयाची सुट्टी तं नसते ना?"

"नसते," दामिनी म्हणाली.

मान गेल्यापासून पहिल्यांदा उत्तमरावांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मंग तं लय चांगले क्लास हायेत ते!"

दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणींनी विचारलं, तेव्हा दामिनीनं वेणी मागे टाकत सांगितलं, की अकोल्याला शिकायला जाण्यासाठी तिची निवड झाली आहे, आणि तीही भर सभेत, अख्ख्या गावाच्या एकमतानं! आता यात एकही शब्द खोटा असेल तर सांगा!